डावीकडची पात

आधीच सांगते, मी या भुताखेतांच्या सदराची नेहमीची वाचक आहे आणि नेहमीची टीकाकारही. चिंचेवरची बाई, पांढऱ्या साडीवाली, उलट्या पावलांचा वाटसरू... वाचते आणि घरच्यांना म्हणते, "घ्या, आणखी एक थापाड्या!" मी तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. वर्गात कोणी 'बाई, मागच्या खोलीत भूत आहे' म्हणालं की तिच्याच हातात झाडू देऊन ती खोली झाडायला पाठवायचे. तेव्हा माझ्यासारखीनं इथं लिहायला बसावं म्हणजे... असो. हसायचं त्यांनी हसा. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, लख्ख उन्हात, आणि माझ्या स्वतःच्या अंगावर झालं.

वर्ष एकोणीसशे त्रेपन्न, दिवाळी होऊन गेलेली. तेव्हा चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, हा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्यातच. मी चांद्याला मास्तरणीचं ट्रेनिंग करत होते आणि सुट्टीत थोरल्या बहिणीकडे, सखूबाईकडे गेले होते. तिचं गाव मूल स्टेशनापासून तीन कोस. एका बाजूला तलाव, तिन्ही बाजूंनी जंगल. तिच्या घरी तीनच माणसं — ती, चार वर्षांची तिची मुलगी, आणि तिचा नवरा देवराव, म्हणजे माझे भाऊजी.

भाऊजी लढाईच्या दिवसांत पलटणीत गेले होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. गेले तेव्हा गावच्या दंडारीत, आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, नाचणारा माणूस, म्हणे. टाळी पडली की हा उठला! शेहेचाळीस साली परत आले ते हातीपायी धड आले, पण नाचणं सोडा, चार माणसांत बसणंही गेलं. चांद्याला कुठंशी पहारेकऱ्याची नोकरी लागली होती, ती भोंग्याच्या आवाजापायी आठ दिवसांत सोडून आले. आणि बांबू! बांबूचं बेट दिसलं की हा माणूस शेतातून वळसा घालून जायचा. आता आमच्या भागात धान निघाला की गडी माणसाला दुसरं काम काय? जंगलात जाऊन बांबू तोडणं. ते भाऊजी कधीच गेले नाहीत. लोक आधी 'पलटणवाला' म्हणून मान देत, मग हसायला लागले. मी गेले तोवर हसणंही थांबलं होतं. त्यांना नुसतं टाळायचे.

त्याचं कारण मला सखूबाईनं चुलीपुढे सांगितलं.

ज्यांना धानाची, म्हणजे भाताची, शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातलेलं वावर म्हणजे बांधी. कापणीला सगळे एका ओळीत वाकून उभे राहतात आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला जो पट्टा येतो ती त्याची पात. आपापली पात कापत ओळीनं पुढं सरकायचं, कापलेला धान मूठ-मूठ करून बाजूला आडवा ठेवायचा. त्याला कडपा म्हणतात. तर भाऊजी दर वर्षी ओळीच्या अगदी डावीकडे उभे राहायचे, आणि आपण व धुरा यांच्यामध्ये एका माणसाची पात रिकामी सोडायचे.

"तिथी कोनं उभं राहाचं नाई," सखूबाई म्हणाली.

"काऊन?"

"मले काय इचारतं? त्याईले इचार."

"अन् मग ती पात कापते कोण?"

सखूबाईनं फुंकणी खाली ठेवली. "आपण बांधीच्या टोकाले पोचलो ना शांता, का ती पण कापून झाली राह्यते." आणि पुन्हा चूल फुंकायला लागली, जणू काही विशेष बोललीच नाही.

मला हसू आलं. मग रागही आला. शिकलेली नसली तरी माझी बहीण खुळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भाऊजींच्या उजव्या हाताची पात धरली. पलीकडे सखूबाई, मग गिरजाबाई आणि आणखी चार मजूर बाया. डावीकडची पात उभी होती. मी तिच्या काठाने चालत जाऊन डोळ्यांनी पाहिली, ताठ, पिवळी, भरलेली. कामाला लागलो. माझं सगळं लक्ष भाऊजींच्या हातांकडे. त्यांचा विळा एकदाही डावीकडे गेला नाही, हे मी शपथेवर सांगते. पण आवाज... विळा धानातून जातो तेव्हा खर्रर्र असा आवाज येतो. भाऊजींचा आवाज मला ऐकू येत होता, आणि त्यांच्या पलीकडून, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, आणखी एक. मी ताठ उभी राहून पाहिलं की तो बंद. धान जागच्या जागी उभा. वाकले की पुन्हा सुरू. आणि मधूनच भाऊजी हलक्या आवाजात त्या बाजूला काहीतरी बोलायचे, कामात शेजाऱ्याशी बोलतो तसं.

टोकाला पोचून मी मागं वळले. पात कापलेली होती. शेवटापर्यंत.

मी जाऊन बघितलं — भीत नव्हते, खरंच, तेव्हा अजून भीत नव्हते. आमच्या पातींमधले कडपे सगळे एका दिशेला पडलेले; तिथले उलट्या दिशेला, लोंब्या धुऱ्याकडे. खाली उरलेल्या धसांचे, म्हणजे खुंटांचे, काप पण उलट्या बाजूला तिरपे. डाव्या हातानं विळा चालवणारा माणूस कापेल तसे. आमच्या ओळीत डावखुरं कोणीच नव्हतं. बाकीच्या बाया तिकडे बघायच्यासुद्धा नाहीत. तिथले कडपे भाऊजी एकटे उचलायचे.

माझा स्वभाव असा की समोरचं गणित सुटलं नाही की मी गणितालाच खोटं ठरवते. मी ठरवलं, यात काहीतरी हातचलाखी आहे. मंगळवारी सकाळी दुसऱ्या बांधीत ओळ लागली आणि मी सरळ जाऊन त्या रिकाम्या पातीत उभी राहिले. धुऱ्याला लागून.

"अवं पोरी, निंघ तिथून!" गिरजाबाई ओरडली.

भाऊजी उभे राहिले. तोंडावरचा रंग उतरलेला. "शांता, इकडं ये."

"काऊन जी? रिकामीच तं आहे," मी म्हटलं, आणि वाकून कापायला लागले. एक मूठ कापली. दुसरी कापली. तिसरी धरली आणि माझ्या उजव्या दंडात कोणाचं तरी कोपर बसलं.

ढकललं नाही, हे नीट लक्षात घ्या. मारलं नाही. शेजारी कोणी वाकून, आपल्याच तंद्रीत भराभर कापत असावं आणि त्याला मी तिथं आहे हेच ठाऊक नसावं... तसं लागलं. जोरात. मी धुऱ्यावर कोसळले. वर पाहिलं तर माझ्या आणि भाऊजींच्या मध्ये कोणी नाही, नुसता उभा धान. आणि त्यातला मूठभर धान एका बाजूला वाकलेला, कोणी मुठीत धरून थांबावं तसा. वारा नव्हता. भोवतालचं एक पातं हलत नव्हतं. तेवढीच एक मूठ वाकलेली, आणि मी बघते आहे तोवर ती तशीच राहिली.

मी किंचाळले. आयुष्यात तेवढी एकदाच.

बायांनी विळे टाकले आणि पळाल्या. त्या दिवशी काम बंद. बुधवारी कोणी आलं नाही. गिरजाबाईनं दारातूनच सांगितलं, "सखू, तुह्याशी माह्यं भांडण नाई. पण आता आम्ही येत नाई व. आतापावतो तो कोनाले शिवला नोता." म्हणजे तेही माझ्याच डोक्यावर! आणि खरं होतं ते. पिकलेला धान उभा होता, दाणा झडायला लागला होता, आणि हे सगळं माझ्या शहाणपणामुळे.

सखूबाई मला एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळच्या आधी पाणी भरताना मात्र घागर विहिरीच्या काठावर ठेवून म्हणाली, "धान गेला तं जाऊ दे, शांता. सात साल मी वाट पाह्यली का हा माणूस घरी येईल. अंगानं आला, बाकी आलाच नाई. यंदा तरी नाई आला तं मी लेकरू घेऊन बाबाकडं येतो. सांगून ठेवतो." आणि रडली. ती रडताना मी कधी पाहिली नव्हती. लहानपणी मी झाडावरून पडले की तीच मला गप्प करायची.

मी तशीच भाऊजींकडे गेले. तलावाच्या पाळीवर बसले होते. मी दंडावरचा काळानिळा डाग दाखवला आणि विचारलं, "कोण आहे तो?"

डागाकडे बघत म्हणाले, "सुकरू."

मग तुटक-तुटक सांगितलं. सुकरू पलटणीतला सोबती, आपल्याच जिल्ह्यातला, नदीपलीकडचा. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. डावखुरा, धान कापण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे, असं तो स्वतःच सांगायचा. लढाई संपून घरी गेलो की एक हंगाम तुझ्या बांधीत, एक हंगाम माझ्या, असं दोघांचं ठरलेलं. एका नदीच्या काठी सुकरूच्या मांडीत गोळी लागली. भाऊजींनी त्याला पाठीवर घेतलं, बांबूच्या बेटात नेऊन निजवलं. 'इथीच राह्य, डोली घेऊन येतो' म्हणाले आणि नदी ओलांडून आले.

"अन् मग?"

"हवालदारानं इचारलन, सुकरू कुठी आहे? तिकडं गोळे पडून राह्यले होते..." भाऊजींनी पाण्याकडे पाहिलं. "मी म्हणलो, मेला."

मी त्यांच्याशेजारी पाळीवर बसले. एकोणीस वर्षांची पोर मी.

"जिता होता, शांता. माह्याकडं पाहून होता. मी परत जा लागू नये म्हणून म्हणलो. घरी आलो, पयल्याच कापणीले बाजूची पात सोडलो... त्याची म्हणून. वचन होतं ना. अन् ती कापली गेली."

"त्याच्या घरी सांगतले?"

"काय सांगू?"

"हेच," मी म्हटलं. "जे मले सांगतले तेच. त्याच्यासाठीच तो येऊन राह्यला असन, भाऊजी. दुसरं काय?" बघा, भूत न मानणारी मी, दोन दिवसांत भुताच्या मनातलंही सांगायला लागले होते!

गुरुवारी पहाटेच बैलगाडी जुंपली. मुलीला शेजारी ठेवून सखूबाईही निघाली. म्हणाली, जे काय आहे ते माझ्या कानांनी ऐकीन. घाटावर गाडी सोडून वैनगंगा डोंग्यातून ओलांडली. भाऊजी डोंग्यात दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते, आणि पाणी तर कंबरभरही नसेल. नदीच्या वळणावर मार्कंड्याची देवळं दिसली. सखूबाईनं हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला बोलू?

चामोर्शीच्या अलीकडे दोन कोसांवर ते गाव. पहिल्याच घराशी एक बाई शेण थापत होती. भाऊजी मागंच थांबले म्हणून मीच विचारलं, "सुकरूचं घर कोणतं व बाई? पलटणीत होता तो. त्याच्या मायले भेटाचं आहे."

तिनं शेणाच्या हातानंच दाखवलं. "ते काय समोर. तो बसला नाई का ओसरीत."

मला वाटलं, दुसरा कोणी सुकरू. मी भाऊजींकडे वळले तर ते रस्त्यातच खाली बसले होते.

ओसरीत एक माणूस दोरी वळत होता. उजवा पाय मांडीपासून नाही. बाजूला भिंतीला कुबडी टेकवलेली. त्यानं मान वर केली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"देवा?" तो म्हणाला. "देवा, जिता आहेस बे तू?"

आणि हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. "माय! ओ माय! पाह्य कोण आला! हाच तो... मले पाठीवर नेलन तो!"

घरातून त्याची म्हातारी आई बाहेर आली. सखूबाईनं आणि मी भाऊजींना धरून ओसरीत आणलं. सुकरूनं त्यांचा हात पकडला तो सोडेचना. त्या बांबूच्या बेटात दोन दिवस पडून होता, मग दुसऱ्याच पलटणीच्या लोकांना सापडला. कुठल्या कुठल्या इस्पितळांत सात-आठ महिने. पाय कापला. हे सगळं तो घाईघाईनं सांगत होता, जणू भाऊजी उठून जातील.

"अन् मी तुह्या गावाले निरोपच नाई धाडला, देवा. कोनाले धाडू? मी समजलो तू गेलास. येतो म्हणलास अन् आला नाईस... म्हणलो, संपला आपला देवा. जिता असता तं आलाच असता."

भाऊजींनी हात सोडवून घेतला. वाटलं, आता हा माणूस पळतो. सखूबाईला पण तेच वाटलं असावं, कारण ती दाराशी जाऊन उभी राहिली.

"मी जिताच होतो, सुकरू," भाऊजी म्हणाले. "धड होतो. हवालदारानं इचारलन तं मी म्हणलो, तू मेलास. परत जा लागू नये म्हणून. मले भेव वाटलं."

सुकरू भिंतीकडे तोंड करून बसला. त्याची आई मात्र भाऊजींच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. लहानखुरी बाई, माझ्या खांद्याएवढी.

"म्हणजे हा मेल्याची ती तार तुह्यापायी आली," ती म्हणाली. "मी तेरवी केली रे, जित्या लेकराची. कुकू पुसून त्याची बायको मायघरी गेली, तिचं दुसरं झालं." ती ओरडत नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "ते लढाईतलं जाऊ दे. तिथी कोनाचं काय चालते? पण ही सात सालं? त्याले तं एकच पाय होता. तुले तं दोन होते ना?"

भाऊजींनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडले. सात वर्षांत पहिल्यांदा, सखूबाईनं मला मागून सांगितलं. म्हातारीनं पाय मागं घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. तशीच उभी राहिली.

शेवटी सुकरूच भिंतीकडे बघत म्हणाला, "माय, वाढ त्याईले. नदीपारून उपाशी आले असतील."

जेवायला बसलो तेव्हा मला ते दिसलं. डावा तळवा जमिनीवर टेकून तो सरकला, आणि तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, ताजे फोड. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी.

"हे काय लागलं?" मी विचारलं.

"कुबडीनं होते," तो म्हणाला.

"कुबडीनं नाई," म्हातारी म्हणाली. "दर साली धान पिकला का याचे हात फुटतात. इळ्याले शिवत नाई, बांधीत उतरत नाई. बसल्या जागी डोळे लावून राह्यतो, हाका मारल्या तं ओ देत नाई, अन् उठते तं हात असे. दवाखाना झाला, सगळं झालं." तिनं त्याची बाही वर केली. "अन् हे आता नवीन. मंगळवारी."

डाव्या कोपरावर काळानिळा डाग होता.

"कोणी धडकल्यासारखं झालं," सुकरू म्हणाला. "नुसता बसलो होतो."

मी पदर ओढून माझा उजवा दंड झाकला. कुबडी त्याच्या उजव्या बाजूला होती. माझ्या डागाचं मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

मी यावर चाळीस वर्षं डोकं चालवलं आहे. भाऊजीच वेडाच्या भरात कापत असतील, असं मांडून पाहिलं. पण मी त्यांच्याच शेजारी होते. माझ्या मनाचे खेळ म्हणावं, तर माझ्या मनानं त्याच्या कोपरावर डाग कसा पाडला? मेलेल्या माणसाचं भूत लोक सांगतात. हा तर जिवंत, सहा कोसांवर, नदीपार, एका पायाचा. त्याला तरी कुठं ठाऊक होतं की देवराव जिवंत आहे? कोणी जाणकार वाचक असेल तर खुशाल कळवा. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

भाऊजी एकदम बरे झाले वगैरे काही नाही. बांबूच्या कामावर ते शेवटपर्यंत गेले नाहीत. सुकरूकडे मात्र दर शिवरात्रीच्या जत्रेला जायचे, त्याला गाडीत घालून मार्कंड्याला न्यायचे. म्हातारी त्यांना जेवू घालायची, पण फारसं बोलायची नाही. सखूबाई बाबांकडे आली नाही.

पण त्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. गुरुवारी रात्रीच गावात परतल्यावर भाऊजी स्वतः घरोघर गेले आणि सगळं सांगितलं, 'मेला म्हणलो' हेसुद्धा, काही न लपवता. गिरजाबाई ऐकून म्हणाली, "इळा कुठी ठेवला माहा?" आणि शुक्रवारी सगळ्या आल्या. भाऊजींनी सवयीनं डावीकडची पात सोडली. आम्ही कापत गेलो, कान सगळ्यांचे तिकडेच. दुसरा आवाज आला नाही. दुपार कलली, बांधी संपली, आणि मागं वळून पाहिलं तर ती पात पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच उभी.

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मग तिथं जाऊन वाकले आणि एकटेच कापायला लागले. मी पुढं झाले तर सखूबाईनं मला धरलं. मजुरीची वेळ संपली होती, बायांची घरी लेकरं वाट बघत होती. गिरजाबाई धुऱ्यावर बसली, तिच्याशेजारी बाकीच्या बसल्या, आणि पात संपेपर्यंत एकही जण घरी गेली नाही.